किनारा शिकवायला येताय, तर एक पावसाळा थांबा

प्रति,
किनारा व्यवस्थापनाची प्रशिक्षणं आखणारे, देणारे आणि त्यासाठी निधी मंजूर करणारे सर्व अधिकारी, अभियंते व तज्ज्ञ

सप्रेम नमस्कार.

मी मालवण तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावची. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, होते आणि आई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार करायची, त्यामुळे समुद्र मला पुस्तकाच्या आधी घरात भेटला. हे पत्र लिहायचं गेली दोन वर्षं मनात होतं. एका प्रशिक्षणात घडलेला प्रसंग सांगते, म्हणजे ते का लिहितेय हे कळेल.

मे महिना होता. तालुक्याच्या गावी एका सभागृहात एकात्मिक किनारा व्यवस्थापनाचं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. पडद्यावर आमच्याच किनाऱ्याचा नकाशा लावलेला, लाल, निळ्या, हिरव्या रेषांचा. मजकूर सगळा इंग्रजीत. माझ्या शेजारी आमच्या वाडीतली एक काकी बसली होती. साठी ओलांडलेली, चाळीसेक वर्षं मासळी सुकवून विकणारी. तिनं बराच वेळ नकाशा न्याहाळला आणि उभी राहून विचारलं, "ह्यात माझां खळां खंय आसा?" खळं म्हणजे मासळी वाळत घालायची जागा.

शिकवणारे गृहस्थ सज्जन होते, तळमळीनं बोलत होते. ते म्हणाले, एवढ्या मोठ्या भागाच्या नकाशात खळं दिसणार नाही. मग पुढचं चित्र आलं. काकी बसली, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर निघून गेली. त्या दिवसाची तिची मासळी कुणीतरी दुसरीनं वाळत घातली होती आणि ती कावळ्यांपासून राखायला घरात कुणी नव्हतं.

मी मात्र त्या प्रश्नापाशीच अडकले. घरी येऊन गणित केलं. किनाऱ्याचे आराखडे १:२५,००० या प्रमाणावर काढतात, म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर जमिनीवरचे २५० मीटर. आमच्या वाडीचं खळं रुंदीला जेमतेम तीस मीटर. ते नकाशावर १.२ मिलीमीटरचं होतं. भरतीरेषा दाखवायला जी जाड लाल रेघ ओढतात तिच्याखालीच ते गडप होतं. काकीच्या चाळीस वर्षांच्या पोटापाण्याची जागा एका रेघेच्या जाडीत गेली, आणि त्यात ती रेघ ओढणाऱ्याचा काही दुष्टावा नव्हता. प्रमाणच तसं होतं.

यावर उपाय नाही असंही नाही, आणि तो मी शोधून काढलेला नाही. २०११ च्या सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेतच गावपातळीवरचे नकाशे १:३,९६० या प्रमाणावर करायला सांगितलंय. त्या प्रमाणावर तेच खळं साडेसात मिलीमीटरचं होतं. नीट दिसतं, बोट ठेवता येतं. इतकंच काय, मच्छीमार गावं, त्यांच्या सामायिक जागा, जेट्टी, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवायच्या जागा हे सगळं गावनकाशाच्या प्रमाणावर दाखवायचं आणि मच्छीमारांच्या पुढच्या काळातल्या घरांच्या गरजेचा आराखडा करायचा, असंही नियमात स्पष्ट लिहिलंय. पण आजवर मी बसले त्या एकाही प्रशिक्षणात हे कलम कुणी वाचून दाखवलं नाही. समुद्राची पातळी वाढतेय, प्लास्टिक टाकू नका, कासवं वाचवा, हे ऐकलं. ते खरंच आहे. पण ज्या कलमावर बोट ठेवून काकी स्वतःचं खळं मागू शकली असती, ते कलम तिच्या हाती दिलं गेलं नाही. मला क्षमताबांधणीचा अर्थ एवढाच कळतो, की प्रशिक्षणाला बसलेलं माणूस उठताना आधी करू शकत नव्हतं असं काहीतरी करू शकलं पाहिजे.

प्रमाणाचा हा विषय निघालाय तर भूगोलाची एक गोष्ट सांगते. भारताची किनारपट्टी ७,५१६ किलोमीटर, असं मी वर्षानुवर्षं मुलांकडून पाठ करून घेतलं. आता नव्या मोजणीत ती ११,०९८ किलोमीटर झालीय. समुद्र काही वाढला नाही आणि देशही लांब झाला नाही. मोजपट्टी बारीक झाली तसे खाड्यांचे वळसे, खडकांचे कोपरे, बेटांच्या कडा हिशेबात आल्या. जवळून पाहिलं की किनारा जास्त भरतो. प्रशिक्षणाचंही तसंच व्हावं, एवढीच माझी मागणी आहे.

आता पुळणीबद्दल, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूच्या पट्ट्याबद्दल. इथं मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते सगळा घोळ इथंच होतो.

आमची पुळण वर्षातून एकदा जाते आणि एकदा येते. मृग लागला की लाटा उंच आणि दाट होतात, वाळू ओढून आत नेतात आणि थोड्या खोल पाण्यात तिचा दांडा बांधून ठेवतात. आषाढात किनाऱ्यावर उभं राहिलं तर पोटात गोळा येतो. माडांची मुळं उघडी पडलेली असतात, उंडीच्या झाडाखाली कमरेएवढा खड्डा असतो. पाऊस सरला की लांब, सावकाश लाटा तीच वाळू थोडी थोडी परत आणून घालतात, आणि मार्गशीर्षापर्यंत पुळण पुन्हा रापण ओढण्याजोगी होते. मी लहानपणी घाबरून वडिलांना विचारलं होतं, आपली वाळू गेली का? ते म्हणाले होते, "वाळू खंय गेली नाय गो, पाण्याखाली निजलीहा. दिवाळेक परत येतली."

आता असा विचार करा. पाहणीसाठी साहेब ऑगस्टमध्ये आले. त्यांना काय दिसेल? किनारा खचलाय. गावकरीही घाबरलेले, तेही म्हणतात बंधारा द्या. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा प्रस्ताव जातो, काळे दगड येतात. हेच साहेब जानेवारीत आले असते तर त्यांना भरलेली पुळण दिसली असती, आणि त्यांनी लिहिलं असतं की धूप नाही. दोन्ही वेळा त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलंच लिहिलं असतं, आणि दोन्ही वेळा ते चुकलं असतं. एका दिवसाच्या भेटीत किनारा वाचता येत नाही. तो वाचायला निदान एक पावसाळा आणि त्यानंतरचा एक हिवाळा लागतो. जी गोष्ट वाचायला सहा-आठ महिने लागतात ती आपण एका दिवसात, तीही वातानुकूलित सभागृहात, शिकवायला बघतो.

शाळेत असताना आम्ही एक साधा प्रयोग केला होता. दीड मीटरच्या दोन काठ्या, त्यांवर सेंटीमीटरच्या खुणा, आणि दोन काठ्यांना बांधलेला दोन मीटरचा दोर. एक मुलगा मागची काठी धरतो, दुसरा दोर ताणून पाण्याच्या दिशेनं पुढची काठी उभी करतो. मागच्या मुलानं पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत येईपर्यंत डोळा खाली आणायचा. तो आपल्या काठीच्या टोकापासून जितके सेंटीमीटर खाली आला, तितकी त्या दोन मीटरमध्ये पुळण उतरली. मग काठ्या पुढे, पुन्हा मोजायचं, थेट पाण्यापर्यंत. ना यंत्र, ना वीज. समुद्रकाठी क्षितिज फुकट मिळतं, तेच आमचं पाणसळ. दर अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला उंडीच्या त्याच झाडापासून मोजणी करायची, असा नेम होता. परीक्षेच्या दिवसांत दोनदा चुकला, एकदा वादळी पावसानं मोडला.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी वहीत जे दिसलं त्यानं मुलांच्या आधी मीच गप्प झाले. वडिलांचं म्हणणं जवळजवळ पूर्ण किनाऱ्याला लागू होतं. वाळू गेली आणि परतही आली. फक्त एका ठिकाणी ती परत आली नाही, गावातला धूपप्रतिबंधक बंधारा जिथं संपतो त्याच्या टोकापलीकडच्या तुकड्यात. दगडावर आपटलेली लाट पायथ्याची वाळू खोदते आणि टोकाला वळसा घालून शेजारच्या उघड्या जमिनीवर जोर काढते, हे मी फळ्यावर शिकवलं होतं. आठवीतल्या मुलांनी ते दोन काठ्या आणि दोरानं मोजून दाखवलं. त्या तुकड्यात आता रापण लागत नाही. जाळं ओढायला उताराची पुळण हवी, दोन्ही बाजूंनी दोर धरून माणसं उभी राहायला जागा हवी. तिथं आता पाणी थेट मेरेला भिडतं.

ती वही घेऊन मी एका कार्यालयात गेले होते. तिथल्या अभियंत्यांनी चहा दिला, वही चाळली, मुलांचं कौतुक केलं आणि म्हणाले, "बाई, पण ही माहिती आम्ही कुठल्या रकान्यात भरणार?" त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. त्यांच्या नमुन्यात तसा रकाना नव्हता. म्हणून मी हे पत्र त्या कार्यालयाला न लिहिता तुम्हाला लिहितेय, कारण ते रकाने आणि ती प्रशिक्षणं तुम्ही आखता.

चेन्नईला राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्र आहे. त्यांनी १९९० ते २०१८ या काळातल्या उपग्रहचित्रांवरून हिशेब मांडला, की देशाच्या किनाऱ्याचा सुमारे ३३.६ टक्के भाग झिजतोय, २६.९ टक्के भागात भर पडतेय आणि उरलेला कमी-जास्त स्थिर आहे. हे काम मोलाचं आहे. आमच्या काठ्यांना ते कधीच जमलं नसतं. पण आमच्या वाडीसमोरची पुळण या तीन भागांपैकी कशात बसते, आणि बंधाऱ्याआधी कशात बसत होती, हे त्या आकड्यातून कळत नाही. ते शाळेच्या वहीतून कळतं. उपग्रह आणि वही एका टेबलावर आली की त्याला मी एकात्मिक म्हणेन.

बंधारे नकोतच, असं माझं म्हणणं नाही. जिथं घराच्या पायरीला पाणी लागलंय तिथं दगड टाकावाच लागतो. त्या घरातल्या बाईला पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांब म्हणायचा मला अधिकार नाही. पण जिथं वाट पाहायला जागा आहे, तिथं आधी वर्षभर मोजा. आणि मोजायला गावाला शिकवा.

'एकात्मिक' या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं. तो आमच्याकडे कोऱ्या पाटीवर येत नाही. १९८७ साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. ते समुद्रातल्या संपत्तीसाठी होतं हे खरं, पण आपल्याला विचारलं नाही ही सल घराघरात राहिली. पुढे १९९१ ला सीआरझेडची पहिली अधिसूचना आली. शास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांच्या समितीनं २००५ मध्ये नुसत्या नियमनाकडून व्यवस्थापनाकडे जायला सुचवलं, आणि २००८ मध्ये किनारा व्यवस्थापन क्षेत्राचा मसुदा आला तेव्हा देशभरच्या मच्छीमार संघटना त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. त्यांना 'व्यवस्थापन' या शब्दामागे किनारा मोठ्या प्रकल्पांना खुला होण्याची भीती दिसली. २००९ मध्ये तो मसुदा मागे पडला. मग २०११ चे नियम, मग २०१९ चे. खाडीकाठी आधी १०० मीटरची मर्यादा होती ती ५० झाली. खुल्या किनाऱ्यावर दाट वस्तीच्या गावांना ५० मीटर आणि विरळ वस्तीला २०० मीटर असा ना-विकास पट्टा आला. आमच्या गावात आजही कुणी ५०० म्हणतं, कुणी २००, कुणी म्हणतं नियम उठला. घर दुरुस्त करायचं म्हटलं तर माणूस घाबरतो, आणि बाहेरचा गुंतवणूकदार मात्र वकील घेऊन येतो. तुमचे प्रशिक्षक हा इतिहास जाणून आले तर पहिल्या अर्ध्या तासात लोक हाताची घडी घालून का बसतात, ते त्यांना समजेल.

आणि एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत आहे. प्रत्येक किनारी जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती असावी आणि तिच्यात स्थानिक पारंपरिक किनारी समाजाचे, मच्छीमारांसह, किमान तीन प्रतिनिधी असावेत, अशी तरतूद आहे. तीन माणसं! आपल्या जिल्ह्यातली ती तीन माणसं कोण, हे मी तीन गावांत विचारलं. कुणी सांगू शकलं नाही. प्रशिक्षणाची सुरुवात तिथून का करू नये? त्या तिघांना नकाशा वाचायला, हरकत नोंदवायला, इतिवृत्त मागायला शिकवा. त्यांत किमान एक बाई असू द्या. त्यांची नावं किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

आमच्याकडे सगळं ज्ञान आहे आणि तुम्ही फक्त ऐकायला या, असं कुणाला वाटेल. तसं म्हणणं खोटं ठरेल. वडिलांनी मला भरतीची वेळ काढायला शिकवलं, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा. थोडं पुढे-मागे होतं, पण होडी ढकलायला एवढं पुरतं. हे ज्ञान आजही चालतं. पण त्याच वडिलांचा दुसरा ठोकताळा होता, की दसरा झाला की दर्या निवतो. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं. नवरात्र उलटून दीड महिना झालेला, होड्या निर्धास्त समुद्रात होत्या. कोकणच्या किनाऱ्यावरची कितीतरी घरं त्या दिवसानं उजाड केली. पुढे ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आमच्या दारावरून गेलं. अरबी समुद्र बदलतोय आणि म्हाताऱ्यांचे ठोकताळे त्याला पुरे पडत नाहीत. इथं आम्हाला तुम्ही हवे आहात. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी केंद्र सरकारची संस्था उंच लाटांचा इशारा देते, तो फोनवर येतो. पण त्यातला साडेतीन मीटर म्हणजे आमच्या खाडीच्या तोंडाशी किती, आणि तो उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या, दिवशी आला तर काय, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवशी आला तर काय, हे गावाला कुणी शिकवलेलं नाही. तिथीची पाऊणपट आणि इन्कॉइसचा इशारा शेजारी शेजारी ठेवायला शिकवा. त्यासाठी तुमचा माणूस आणि आमचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, एका बाकावर बसायला हवेत.

खाडीतलं एक उदाहरण देते. रायगडच्या खारेपाटातून इकडे आमच्या खाड्यांपर्यंत खारभूमीची शेती आहे. मातीचा बांध, त्याला उघाडी, ओहोटीला गोडं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला खारं अडवायचं. गोव्यात त्यालाच खाजन म्हणतात आणि उघाडीला मानस, तिथंही कोरगुट भात याच युक्तीवर पिकलं. हे बांध गाव मिळून राखायचं. माणसं मुंबईला गेली, डागडुजी राहिली, एखाद्या उधाणाला बांध फुटला. शेतात खारं पाणी आलं. दोन वर्षांत तिवराची, म्हणजे कांदळवनातल्या झाडाची, रोपं उगवली. आता त्या एका शेतात उभं राहून बघा. महसूल खात्याच्या सातबाऱ्यावर ते भातशेत आहे. वनविभागाच्या दृष्टीनं ते कांदळवन आहे आणि उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर त्याला हात लावता येत नाही. खारभूमी खात्याच्या लेखी तो दुरुस्तीच्या यादीतला बांध आहे. सीआरझेडच्या नकाशावर तो सर्वांत कडक संरक्षणाचा पट्टा होतो. शेतकरी चारही दारं वाजवतो. प्रत्येक दारात त्याला खरंच सांगितलं जातं, फक्त आपल्यापुरतं.

मी कांदळवनाच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते. तौक्तेच्या रात्री खाडीच्या आतल्या वाडीला आडोसा कुणी दिला ते आम्ही पाहिलंय. पण त्या शेतकऱ्याला शत्रू करून कांदळवन टिकणार नाही. त्या बांधावर चारही खात्यांच्या माणसांनी एका अमावास्येच्या उधाणाला, पायांत गमबूट घालून, एकत्र उभं राहावं. पाणी कुठून आत येतं, कुठे थांबतं, तिवर कुठवर आलंय, कुठला बांध वाचवण्याजोगा आहे आणि कुठला समुद्राला देऊन टाकावा, हे तिथंच बोलावं. त्या दोन तासांत ते एकमेकांकडून जे शिकतील ते कुठल्याही सभागृहात शिकता येणार नाही. प्रशिक्षणाची गरज फक्त गावाला आहे, हा समज सोडून द्या. गावाइतकीच ती खात्यांना आहे, आणि ती एकमेकांसमोर बसूनच पुरी होईल.

चांगलं झालेलंही मी पाहिलंय. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. चिपी कुठली, तिवर कुठलं, कांदळाची मुळं अशी का, हे त्या न अडखळता सांगतात. त्या एका दिवसाच्या वर्गातून तयार झाल्या नाहीत. त्यांच्या हाती होडी आली, कुणीतरी वारंवार सोबत राहिलं आणि त्यातून चार पैसे मिळू लागले. रत्नागिरीत वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावातल्याच माणसांना हाताशी धरून कासवांची अंडी राखली, आणि पुढे गावानंच कासव महोत्सव मोठा केला. दोन्हीकडे जागेवर राहणारं माणूस, हातात खरं काम आणि वर्षानुवर्षांची सोबत होती. प्रकल्पाचा निधी मात्र बहुधा तीन वर्षांचा, पाच वर्षांचा असतो. निधी संपला की तज्ज्ञ दुसऱ्या किनाऱ्यावर जातात, शिकलेला अधिकारी बदलून जातो, आणि शिकलेला मुलगा मुंबईची गाडी पकडतो. क्षमता बांधली जाते पण ती किनाऱ्यावर राहत नाही.

म्हणून काही मागते, ऐका.

एक प्रशिक्षण एका दिवसाचं न ठेवता वर्षात पसरवा आणि ते दोन तुकड्यांत भरवा. पहिला तुकडा मासेमारी बंदीत. १ जून ते ३१ जुलै होड्या वर असतात, तांडेल आणि खलाशी घरी जाळी विणत असतात, आणि समुद्र त्याच्या उग्र रूपात समोर असतो. हिवाळ्यापासून मेअखेरपर्यंत मासळी सुकवायचा हंगाम. तेव्हा बायकांना बोलावलंत तर काकीसारखीच त्यांची मासळी कावळे नेतील. दुसरा तुकडा मार्गशीर्षात, त्याच पुळणीवर, त्याच माणसांसह. मधल्या काळात काठ्या आणि वही गावाकडे राहू द्या.

साहित्य मराठीत द्या, आणि जमलं तर 'उच्चतम भरतीरेषा' या शब्दाबरोबर आमच्याकडे ती जागा ज्या खुणेनं ओळखतात ती खूणही विचारून लिहा. आमच्याकडे सुकलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची रांग उधाणानंतर जिथं पडते तिच्यावरून म्हातारी माणसं सांगतात. बोलावलेल्या प्रत्येकाला बुडालेल्या रोजाची भरपाई द्या. बायकांना ती हातात द्या.

गावनकाशा गावाकडून करून घ्या. खळं, रापणीची जागा, होड्या ओढायची वाट, गोड्या पाण्याच्या विहिरी आणि त्यांतल्या खाऱ्या झालेल्या, कासवं येतात ती पुळण, हे सगळं लोक एका दुपारी जमिनीवर रांगोळीनं काढून दाखवतील. ते कागदावर उतरवणं हे तुमच्या तज्ज्ञांचं काम. २०१० च्या मासेमारी गणनेत महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावं होती. एवढ्या गावांचे नकाशे हे न उचलता येणारं ओझं नाही.

आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक माध्यमिक शाळेला दोन काठ्या आणि एक दोर द्या. त्याला खर्च नगण्य आहे. पण मोजलेलं भरायला एक रकाना करा, ज्यावर कार्यालयात कुणाची तरी सही होईल. मुलांना कळू द्या की त्यांची वही कुणीतरी वाचतंय. गावातल्या एक-दोघांना, त्यात एक बाई, वर्षभराचं मानधन देऊन ही नोंद राखायला लावा. अधिकारी बदलला तरी ती नोंदवही ग्रामपंचायतीच्या कपाटात राहील, आणि नव्यानं आलेल्या साहेबांनी पहिल्या आठवड्यात ती वाचावी असा नियम करा.

आमची जुनी वही माझ्याकडे आहे. पानं दमट होऊन फुगलीत, दोन ठिकाणी शाई पसरलीय, पण आकडे वाचता येतात. शाळेतली नवी बाई माझीच विद्यार्थिनी आहे, ती पुन्हा मोजणी सुरू करतेय. येत्या आषाढ अमावास्येला पहिली मोजणी. भरती अकराच्या सुमारास, म्हणजे पूर्ण ओहोटी संध्याकाळी पाच-सव्वापाचला. आम्ही चार वाजता उंडीच्या झाडाखाली जमू. तुमच्यापैकी कुणी येणार असाल तर चपला नकोत, वाळूत रुततात. काकीला मी सांगून ठेवलंय. ती तिचं खळं दाखवील.

आपली,
मालवण तालुक्यातली एक निवृत्त भूगोल शिक्षिका